रेवदंड्याच्या तटाआड काय बघायचं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय. दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीची मुलं घेऊन त्या अलिबागकडे निघाल्यात. मुलांनी पन्हाळा बघितलाय, विजयदुर्ग बघितलाय. आता एक अख्खा दिवस रेवदंड्याला द्यावा का, असं त्या विचारतात. कारण जो तो सांगतो, तिथं पडक्या भिंती आणि नारळीच्या वाड्यांपलीकडे काही नाही. आणि जोडप्रश्न: तटावर एवढे वड-पिंपळ माजलेत, ते कुणी काढत का नाही?

दिवस जरूर द्या. मी कोल्हापुरात राहून जुन्या चुन्याच्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, आणि मुलांना दाखवण्यासाठी किनाऱ्यावरची एकच जागा निवडायची झाली तर मी जंजिऱ्याच्याही आधी रेवदंडा निवडेन. मात्र तिथं किल्ला शोधायला गेलात तर हिरमुसून परत याल. रेवदंडा हे पोर्तुगीजांचं, तट घातलेलं शहर होतं. आत घरं होती, गल्ल्या होत्या, बाजार होता, चार-पाच चर्चं आणि मठ होते. पन्हाळ्यावर डोंगराचा कडाच निम्मा तट असतो. इथं जमीन सपाट, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, आणि या सपाटीभोवती माणसांनी बांधत नेलेली भिंत. त्यामुळं उंचावरून एका नजरेत काही सापडत नाही. चालावं लागतं.

कोल्हापूरच्या मुलांना हे समजावणं अवघड नाही. आपलंही शहर एके काळी तटाच्या आत होतं. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, रविवार वेस ही नावं अजून रोजच्या तोंडात आहेत. वेशी गेल्या, तटही बहुतेक गेला, बिंदू चौकात तेवढा त्याचा तुकडा उरलाय. निघायच्या आधी मुलांना तो तुकडा नीट बघायला लावा. शहराची भिंत म्हणजे काय, ती किती जाड असते, तिला लागून घरं कशी येतात, हे तिथंच कळतं. मग रेवदंड्यात शिरताना डोळा तयार असेल.

आता महत्त्वाचं. रेवदंड्याची सुरुवात रेवदंड्यात करू नका. आधी चौलला जा. दोन्ही गावं एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये फक्त वाड्या. पण लोक तटाचे फोटो काढतात आणि चौलवरून गाडी तशीच पुढं हाकतात. हे मला मनापासून खटकतं. पोर्तुगीज इथं आले ते चौलसाठी. ते आले तेव्हा चौल हजार वर्षांहून जुनं बंदर होतं.

कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत या गावाचं नाव चेमुल म्हणून येतं. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणायचे. मसूदी हा बगदादचा प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी, इ.स. ९१५-१६ च्या सुमारास इथं आला. इथं दहा हजारांच्या घरात मुसलमान राहतात, त्यांत अरबस्तान-इराणकडून आलेलेही आहेत आणि इथंच जन्मलेलेही, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला होता. राजा कोण? झंझ शिलाहार.

इथं मुलांचे कान टवकारायला हवेत. शिलाहार म्हटलं की आपल्याला पन्हाळा आणि भोज राजा आठवतो, खिद्रापूरचं कोपेश्वर आठवतं. पण शिलाहारांची घराणी तीन होती. एक उत्तर कोकणात ठाण्याकडचं, एक दक्षिण कोकणात, आणि एक आपलं कोल्हापूरचं. चौल ठाण्याच्या शिलाहारांकडं होतं. कोल्हापूरच्या शिलाहारांनी पुढं दक्षिण कोकण आपल्याकडं घेतलं, आणि विजयदुर्गाची पहिली उभारणी परंपरेनं दुसऱ्या भोजाच्या नावावर सांगितली जाते ती त्यामुळंच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांच्या सिंघणानं भोजाचा पराभव केला आणि आपली शाखा संपली. तुमच्या मुलांनी विजयदुर्ग पाहिलाय, पन्हाळा पाहिलाय. घाटमाथ्यावरच्या राजांना बंदर का लागायचं, हा प्रश्न त्यांना चौलच्या नाक्यावर उभं करून विचारा.

उत्तराचा मोठा भाग म्हणजे घोडा. दख्खनच्या हवेत चांगला घोडा पैदा होत नसे, तो इराण आणि अरबस्तानातून जहाजानं यायचा, आणि चौल हे त्याच्या उताराचं एक मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ मध्ये इथं उतरला तो एक घोडा घेऊनच. घाट चढून तो जुन्नरला गेला. तिथल्या बहमनी सुभेदारानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. बिचाऱ्यानं बरीच यातायात करून तो कसाबसा सोडवला. नववीच्या मुलांना तहाची कलमं लक्षात राहणार नाहीत, पण हा घोडा राहील. आणि घोड्याबरोबर हेही राहील की किनाऱ्यावरचं बंदर आणि घाटावरची राजधानी एकाच दोरीनं बांधलेली होती.

चौलमध्ये आज बघायला काय आहे? रामेश्वराचं मंदिर आणि त्याची पुष्करणी बघा. हिंगलाजच्या टेकडीतली लेणी बघा. दत्ताच्या डोंगरावर मुलं धावत चढतील, वरून सगळा मुलूख दिसतो. वाड्यांमध्ये हमामखान्याचे आणि कलावंतिणीच्या वाड्याचे म्हणून दाखवतात ते अवशेष आहेत. हमामखान्याचं बांधकाम मुद्दाम बघा. शहरात सार्वजनिक न्हाणीघर चालतं, म्हणजे परक्या मुलखातून आलेले, वस्तीला राहणारे, पैसेवाले लोक तिथं होते. बंदराची श्रीमंती अशा खुणांवरून ओळखायची. चौलचे रेशमी आणि सुती कापड विणणारे तर नावाजलेले होते.

हे सगळं बघून झाल्यावर रेवदंड्याच्या तटाकडं वळा. आता ती भिंत का बांधली हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

पोर्तुगीजांचा चौलशी पहिला मोठा प्रसंग हरण्याचा आहे. मार्च १५०८ मध्ये खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या ममलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ एकत्र आले आणि त्यांनी पोर्तुगीज जहाजांना गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा इथं मारला गेला. त्याचं जहाज निसटताना मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकलं. खाडी किती उथळ, किती फसवी आहे हे इथल्या कोळ्यांना माहीत होतं, परक्या आरमाराला नव्हतं. खाडीवरच्या पुलावरून पलीकडच्या साळाव गावाकडं जाताना खाली नजर टाकली तर ही लढाई डोळ्यांपुढं उभी करता येते.

त्यानंतर १५१६ मध्ये त्यांनी वखार घातली. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून कोट बांधायला घेतला, तो १५२४ मध्ये पुरा झाला. मुलांनी पन्हाळ्याचा तीन दरवाजा पाहिलाय, तो आदिलशाहीत १५३४ मध्ये बांधलेला. म्हणजे रेवदंड्याचा पहिला कोट आणि आपला तीन दरवाजा यांत जेमतेम दहा वर्षांचं अंतर. एकाच काळात, एकाच दख्खनच्या राजकारणात उभी राहिलेली ही दोन बांधकामं, आणि दिसायला किती वेगळी!

पण तो कोट लहान होता. शहर त्याच्याभोवती वाढत गेलं आणि उघडंच राहिलं. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहा प्रचंड फौज घेऊन चौलवर आला. त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर गेला होता. राक्षस-तागडीला विजयनगर बुडवणाऱ्या शाह्यांतल्या या दोघांनी आता पोर्तुगीजांना दोन्हीकडून एकदम धरलं. चौलचा वेढा कित्येक महिने चालला. शहराला सलग तट नव्हता, त्यामुळं मठ आणि मोठी घरं हीच मोर्चे झाली. एकेक इमारत लढवली गेली. १५७१ मध्ये तह झाला, शहर वाचलं. आणि मग पोर्तुगीजांनी सगळ्या शहराला वळसा घालणारा तट बांधायला घेतला. आज आपण बघतो ती ही भिंत. हे मुलांना तटासमोर उभं करून सांगा: वेढा आधी, भिंत नंतर. भीती कुठून आली होती ते भिंतीच्या तोंडावरून कळतं.

बुरुजांचा आकार बघायला लावा. पन्हाळ्यावरचे बुरूज गोल पाहिले असतील. रेवदंड्याला आणि वसईला पोर्तुगीजांनी बुरुजांना कोन काढले. गोल बुरुजाच्या नेमक्या पायथ्याशी शत्रू येऊन बसला तर शेजारच्या बुरुजावरच्या तोफेला तो दिसत नाही. बुरुजाला टोकदार कोन दिला की त्याची प्रत्येक बाजू शेजारच्याच्या माऱ्यात येते. युरोपात तोफांचा जोर वाढला तेव्हा हा आकार तिथं घडला आणि जहाजातून कोकणात उतरला. गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेतलंत तर मातीत काठीनं रेघा मारून हे पाच मिनिटांत सिद्ध करून दाखवतील.

चालायचा क्रम असा ठेवा. अलिबाग-मुरूड रस्ता तट फोडूनच आत गेलाय, तिथं उतरा. गाडी आत नेऊ नका. आधी भिंतीच्या कापलेल्या तोंडापाशी थांबा आणि तिची जाडी बघा. मग दरवाजावरची पोर्तुगीज राजचिन्हं बघा. दगडात कोरलेली ढाल दिसली की थांबून तिचं चित्र काढायला लावा. फोटोपेक्षा चित्र बरं, कारण चित्र काढताना डोळा झिजलेल्या रेषा शोधत राहतो. नंतर सातखणीकडं जा. हा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. सातांपैकी काही मजले आता पडलेत, तरी माडांच्या वर डोकं काढून तो उभा आहे. समुद्रावरून येणाऱ्या नाखव्याला गावाची पहिली खूण तोच दाखवत असणार. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट या सगळ्या पंथांचे मठ या एवढ्याशा तटाआड होते. कुठं कमानीचा भाग उरलाय, कुठं फक्त एक भिंत. आतल्या वाड्या खाजगी आहेत, त्यामुळं आवाज देऊन, विचारून आत जायचं. लोक प्रेमानं दाखवतात. पोफळीच्या सावलीत एखादी दगडी चौकट अचानक समोर येते, तेव्हा इथं घर होतं, त्या घराला दार होतं, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

तट एकदा समुद्राच्या बाजूनंही बघा. ओहोटीला पुळणीवर उतरून तटाकडं तोंड करा. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा.

आता झाडांचा प्रश्न. हा माझ्या कामाचा विषय, म्हणून जरा बैजवार सांगतो.

अशी भिंत सबंध दगडाची नसते. बाहेरून एक दगडी तोंड, आतून एक दगडी तोंड, आणि मध्ये दगडगोटे व चुन्याचा भरलेला गाभा. चुना कोकणात शिंपले आणि कालवं भाजून करायचे, देशावर चुनखडीचा. भाजलेली कळी पाण्यात विरवायची, वाळू घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायची. काही ठिकाणी हिरड्याचं पाणी नि गूळही घालत, आणि आपल्याकडच्या गवंड्यांना ती रीत अजून माहीत आहे. हा चुना हवेतला कर्बवायू ओढून घेत सावकाश घट्ट होतो आणि शेवटी परत दगडच बनतो. पण तो सिमेंटसारखा कडक होत नाही. त्याच्यातून ओल आत-बाहेर करते, भिंत पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. चारशे वर्षं तग धरण्याचं हेच कारण.

माणसांचा वावर संपला की भिंतीच्या माथ्याचा गिलावा फुटतो. तिथं पाणी मुरतं, पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं, वडाचं, उंबराचं बी पडतं. गाभ्यात चुना आणि ओल दोन्ही असल्यामुळं मूळ सरळ आत घुसतं. बोटाएवढं असताना ते हातानं निघतं. मनगटाएवढं झालं की प्रश्न अवघड होतो, आणि मांडीएवढं झाल्यावर ते झाडच भिंतीला धरून ठेवतं. अशा वेळी उत्साहानं झाड उपटलंत तर मुळांबरोबर गाडीभर दगड खाली येतात. पुढच्या पावसात त्या भगदाडातून पाणी शिरतं आणि उरलेला गाभा धुऊन जातो. गडसंवर्धनाच्या मोहिमांत चांगल्या मनाची पोरं नेमकं हेच करतात, म्हणून हे सांगणं भाग आहे.

मोठं झाड काढायची रीत सावकाश आहे. आधी फांद्या उतरवून वजन कमी करायचं. खोड भिंतीलगत करवतीनं कापायचं, मुळं आत तशीच ठेवायची आणि बुंधा परत फुटू नये म्हणून त्यावर औषध लावायचं. मुळं मेली, आक्रसली, की त्या पोकळीत पातळ चुना वरून थोडा थोडा सोडायचा आणि बाहेरचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानंच भरायचे. यात दोन-तीन पावसाळे जातात. घाई केली तर काम वाया.

आणि सिमेंट वापरायचं नाही. हे मी ओरडून सांगत आलोय. सिमेंटनं दर्जे भरले की बाहेरून भिंत चकचकीत दिसते, उद्घाटनाचा फोटो छान येतो. पण माथ्यावरून आत मुरलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते. ते गाभ्यातच राहतं, चुना सैल करतं, आणि काही वर्षांनी भिंतीला पोट येतं. समुद्रकाठी त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. ओलीबरोबर मीठ आत जातं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि ते मऊ चुना आतून पोखरतात. चुन्याचा दर्जा असेल तर ते मीठ दर्ज्यातून बाहेर येतं, दर्जा झिजतो, तो परत भरता येतो. झिजायचं ते दर्ज्यानं, दगडानं नव्हे, असा हिशेब जुन्या पाथरवटांनी केलेला असतो.

मग हे काम होत का नाही? कारण खरं काम दरवर्षी करायचं असतं. पावसाळा सरला की आश्विन-कार्तिकात माथ्यावर चढून बोटभर रोपटी काढायची, माथ्यावरच्या भेगा चुन्यानं बुजवायच्या, पाणी वाहून जाईल असा उतार ठेवायचा. एवढं नेमानं केलं तर मोठ्या दुरुस्तीची वेळ फार क्वचित येते. पण पैसा मिळतो तो एकदाच्या मोठ्या कामाला. दरवर्षीच्या शिडीला आणि दोन गवंड्यांच्या रोजाला मिळत नाही. यात कोणा एकाला दोष देऊन भागणार नाही, ही सवय सगळीकडचीच आहे, आपल्या कोल्हापुरातही. मुलांनी तटावरचं एकही रोपटं उपटू नये, तटावर चढूही नये. राष्ट्रीय संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय हात लावायला कायद्यानं मनाई आहे. हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी काढूनच करता येतं, हेही त्यांना सांगा.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगितला तरी चालेल. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेनं चौलला वेढा घातला, तेव्हा तट टिकला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहानं चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडं आले. १८१८ मध्ये इंग्रज. पण शहर त्याआधीच ओसरत चाललं होतं. मुंबई इंग्रज कंपनीच्या हातात गेल्यावर चौलचे विणकर आणि व्यापारी तिकडं सरकू लागले. भिंत पाडली कोणी नाही, माणसंच उठून गेली.

तरी सगळी गेली नाहीत, आणि यासाठी दिवसाचा शेवटचा भाग राखून ठेवा. रेवदंड्यात बेने इस्रायलांचं सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे ज्यू. मग पूल ओलांडून कोर्लईला जा. डोंगराच्या सोंडेवरचा हा किल्ला निजामशाहीनं पोर्तुगीजांवर तोफा डागायला बांधला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीजातून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. १७४० नंतर पोर्तुगीजांची सत्ता इथं उरली नाही, पण बोली घराघरातून चालत आली. कुणी आजी तयार असतील तर मुलांना दोन वाक्यं ऐकू द्या. त्यांच्याकडं प्रदर्शन बघितल्यासारखं बघायचं नाही, एवढं आधी बजावून ठेवा.

कोर्लईवरून पलीकडं रेवदंड्याचा तट, खाडीचं मुख आणि मागं चौलच्या वाड्या एकत्र दिसतात. दिवसभर पायांनी पाहिलेलं तिथं बसून कागदावर उतरवून घ्या: नदी कुठं, दरवाजे कुठं, जुनं गाव कुठं. वेळ कमी पडला तर दत्ताचा डोंगर गाळा, पण चौलचा हमामखाना आणि कोर्लई गाळू नका. परतताना रोहा-कोलाडवरून ताम्हिणी चढून पुण्याकडं या. तो रस्ता बराच वेळ कुंडलिकेच्या खोऱ्यातून जातो. दिवाळीत अलिबागच्या बाजूला गर्दी उसळते, म्हणून चौलला सकाळी आठाच्या आत पोचा आणि जेवणाचं तिथल्याच एखाद्या खानावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवा.